तिरकी वायर

वेल्सच्या त्या खोऱ्यात एम्रिस गेथिनइतका कटकट्या वायरमन दुसरा नव्हता. भिंतीत लपलेली वायर सॉकेटपासून सरळ उभी नाहीतर सरळ आडवीच गेली पाहिजे, म्हणजे सॉकेट बघूनच खिळा कुठे ठोकायचा नाही हे कुणालाही कळतं. या एका नियमापायी त्याने निम्म्या गावाशी वाकडं घेतलं होतं. दुसऱ्या कुणी तिरकी वायर नेलेली दिसली, की हा न विचारताच भिंत फोडायला घ्यायचा. लोक म्हणायचे, म्हातारा चक्रम आहे. लोकांना काय माहीत! खरं कारण लोरीला कळलं तर ती आपलं तोंडसुद्धा बघणार नाही, या धास्तीत त्याने सव्वीस वर्षं काढली होती.

लोरी त्याची एकुलती एक मुलगी. तिने जुनं घर घेतलं होतं. शेकोटी विटा लावून बंद केलेली, वर चिमणीची पुढे आलेली भिंत मोकळी. तिथे टीव्ही टांगायचा आणि मागे सॉकेट बसवायचं होतं. शनिवारी सकाळी एम्रिस हत्यारं घेऊन हजर झाला. आधी त्याने भिंत ठोकून पाहिली. शेकोटी बंद असली तरी धुराड्यातून वायर ओढायची नाही आणि वीट पातळ असेल तिथे खोल खणायचं नाही, हे तो स्वतःशीच पुटपुटत होता.

लोरीने पेन्सिल घेतली आणि खालच्या कोपऱ्यातल्या जुन्या सॉकेटपासून वरपर्यंत तिरकी रेघ ओढली.

"अशी ने ना, डॅड. अर्धं काम वाचेल. दुपारी रग्बीची मॅच आहे, नाहीतर तुझीच चुकेल."

एम्रिस त्या रेघेकडे बघत खाली बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय होतंय? चहा टाकू?"

"चहा नको. ऐक. आपल्या घरी चिमणीच्या भिंतीत मी अशीच वायर नेली होती. मॅच सुरू व्हायला वीस मिनिटं होती. वरून प्लास्टर मारलं आणि तुझ्या आईला सांगायचंही राहिलं."

लोरीने पेन्सिल खाली ठेवली.

"तुझ्या आईने फ्रेमसाठी खिळा ठोकला तो नेमका त्या वायरीत, आणि दुसरा हात शेकोटीच्या लोखंडावर टेकवला होता. शॉक लागून जागीच गेली ती. चौकशीला माणूस आला, तेव्हा मी म्हटलं, वायर आधीच्या मालकाची आहे."

इतकी वर्षं घशात अडकलेलं दोन मिनिटांत सांगून झालं. आता ती रडेल, शिव्या देईल, असं त्याला वाटलं. त्याची त्याने मनाची तयारी केली होती.

"ती फ्रेम माझ्या चित्राची होती," लोरी म्हणाली.

"माहीत आहे."

"आत्ताच्या आत्ता लाव म्हणून मीच हट्ट धरला होता. नऊ वर्षांची होते मी. शाळेत बक्षीस मिळालं होतं त्या चित्राला."

"लोरी..."

"मी तुला विचारलं होतं, डॅड. आई माझ्यामुळे गेली का, असं विचारलं होतं. आठवतंय तू काय म्हणालास?"

एम्रिसने मान खाली घातली. त्याला अक्षर न् अक्षर आठवत होतं.

"'आता त्याचा विचार करू नकोस', एवढंच म्हणालास. एकदा नुसतं 'नाही' म्हणायचं होतंस."

'नाही' म्हटलं असतं तर मग कुणामुळे, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून त्याने आपल्या पोरीला तो भार वाहू दिला होता. लोरी आपल्यावर रागावेल एवढीच भीती तो आजवर बाळगून होता. तिचं काय होत असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

लोरीने बाहीने ती रेघ पुसली. मग तिने छिन्नी, हातोडा, टेप एकेक करून त्याच्या पेटीत भरलं आणि पेटी दाराशी नेऊन ठेवली.

"तू जा आता," ती म्हणाली. "सॉकेटसाठी मी दुसरा कुणीतरी बघते."