मांजरीची साखर आणि शेजारची रबडी
घेवर या जाळीदार मिठाईवर घालायची रबडी आटल्याचा वास आला, की बाळांनो, मला आम्ही तेव्हा उत्तरेत राहायचो त्या सोडाला मोहल्ल्यातली एक श्रावणी दुपार आठवते. आमच्या मांजरीला मधुमेह होता. तुमचे आजोबा तिला सकाळ-संध्याकाळ खाणं झाल्यावर इन्सुलिन टोचत, तरी साखर उतरेना, म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला होता. त्या दुपारी ती कूलरसमोर पसरली होती. हाक मारली, तर कानसुद्धा हलला नाही. थेंबभर रक्त तपासलं, तर साखर अगदी तळाला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसा मी तिच्या हिरड्यांना मध चोळत बसले. वाळ्याच्या ओल्या वासात, पडद्यातून गाळून आलेल्या उजेडात, आम्ही सगळे पाण्याखाली आहोत असं वाटत होतं. किती वेळाने कोण जाणे, तिने माझं बोट चाटलं. संध्याकाळी शेजारच्या भाभीजी बस्सी गावाहून परतल्या त्या मांजरीसाठी वाटी घेऊनच. "आज मैं नहीं थी, बिटिया की रबडी रह गई!" आजोबा थक्क झाले. "मतलब रोज आप खिलाती थीं? आणि त्या रबडीने चढलेल्या साखरेवर आम्ही डोस वाढवतोय!" भाभीजींनी वाटी पदराआड घेतली. रबडी बंद झाली, डोस उतरला, मांजर सावरली. मी मात्र अजूनही कुठे झोपलेली मांजर दिसली, की हळूच हाक मारते आणि तिचा कान हलल्याशिवाय पुढे जात नाही.