दहा मैल कुणाचे?

मुलगी शनिवारी दुपारी न कळवता घरी आली. पाठीवर सॅक होती, आणि "हवा खराब आहे, उड्डाणं बंद आहेत," एवढं एकच वाक्य. ती विमान चालवायला शिकते. शिकवणारी संस्था इथून बरीच लांब, एका लहान गावाबाहेरच्या धावपट्टीवर आहे. तिथली हवा ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीतून दिसत नाही, म्हणून मी ते खरं धरलं. पण जेवताना तिने दुधीची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली. तेव्हा मात्र मी विचारलं, "काय झालंय?"

"कुठे काय?"

"मग दुधी का खातेस?"

तिचे बाबा हसले. ती हसली नाही. घास हातात तसाच धरून तिने सांगायला सुरुवात केली.

त्या धावपट्टीवर विमानांना सूचना देणारा टॉवर नाही. प्रत्येक पायलट आपण कुठे आहोत ते रेडिओवर बोलतो, आणि बाकीच्यांनी ते ऐकून आपापलं बघायचं. शिकाऊ विमानं धावपट्टीभोवती चौकोनी फेऱ्या मारतात. उडायचं, वळत वळत मागे जायचं, पुन्हा वळून उतरायचं. आदल्या दिवशी ती अशीच एकटी फेरी मारत होती. एकटीने उडायची परवानगी नुकतीच मिळाली होती. तेवढ्यात रेडिओवर एका छोट्या जेटचा पायलट बोलला, दहा मैलांवर आहे, उतरायला येतोय. अशी जेटं तिथे क्वचितच येतात. हिनेही आपली जागा सांगितली. त्याला वाटलं, ही मुलगी बाहेर थांबेल. हिला वाटलं, तो यायच्या आत आपण आरामात उतरू.

"शेवटच्या वळणाआधी उजवीकडे बघितलं, तर तो तिथेच होता."

"तिथेच म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"खिडक्या मोजता आल्या असत्या, बाबा."

त्या पायलटने जेट एकदम वर उचललं आणि तो पुढून निघून गेला. हिने विमान सावरलं, आणखी एक फेरी मारली आणि उतरली. उतरल्यावर पंखाचा आधार घेऊन उभी राहिली. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, पोरगी ऐटीत उभी आहे.

ह्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "बास झालं. आता जायचं नाही. बी. एस्सी. झालीयेस, इथे काहीतरी बघू."

"मलाही नाही जायचं," ती म्हणाली.

हे ऐकून मला धक्का बसला. बाबांनी नको म्हणावं आणि तिने हट्टाने तेच करावं, ही आमच्या घरची रीत. पोहणं, ट्रेक, स्कूटर, सगळं तसंच झालं.

"भीती वाटते?" मी विचारलं.

"वाटते. पण ते नाही गं. सरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, त्या जेटवाल्याने घाई केली. सर म्हणाले, असतात असे, तू मनाला लावून घेऊ नकोस. चहा पण पाजला."

"आणि घाई त्याने केली नव्हती," मी म्हटलं.

"नाही. त्याने दहा मैल सांगितले ते बरोबरच होते. मी माझ्या विमानाचे दहा मैल धरले. माझ्या विमानाला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्यात तो आला. येताना बसमध्ये पूर्ण वेळ हाच हिशेब करत होते."

अंतर वेळेत मोजायची ही सवय कुठली ते मला लगेच कळलं. आमच्याकडे अंतर कुणी अंतरात सांगत नाही. स्टेशन सात मिनिटं, मार्केट तीन मिनिटं, डोंबिवलीची मावशी तासाभरावर. ठाण्यात कुणी किलोमीटर सांगितले तर लोक गोंधळतात. पण कुणी मिनिटं सांगितली की आपण विचारतो, चालत की रिक्षाने? ते विचारायचं तेवढं हिचं वर, विमानात, राहून गेलं.

"सरांना फोन लाव," मी म्हटलं.

"आत्ता?"

"कशाला फोन?" हे म्हणाले. "एकतर तिला जायचं नाहीये. आणि विमानं लागली का एकमेकांना? नाही ना? मग विषय संपला."

"अहो, तिच्यामागे आणखी पोरं त्याच फेऱ्या मारताहेत. त्यांना पण तेवढंच येतं."

वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात मी पॅकिंग बघते, तिथे एकाच गल्लीतून माणसांच्या हातगाड्या आणि फोर्कलिफ्ट दोन्ही जातात. कुणी थोडक्यात वाचलं की दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या आधी त्याने ते सगळ्यांना सांगायचं, आणि त्या दिवशी त्याला कुणी ओरडायचं नाही, अशी आमची पद्धत आहे. ते मी तिला सांगितलं.

"आई, तुझे खोके आणि माझं विमान एकच आहे का?"

"नाही. खोका पडला तर मी उचलू शकते."

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "सांगितलं तर ते माझं एकटीचं उडणं बंद करतील. मग मी काय शिकले एवढे दिवस?"

"न सांगता गेलीस तर एकटीने उडायची हिंमत होणार आहे का तुला?"

ती उठली. हात धुतले आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. दार लोटून घेतलं, तरी आवाज येत होता. "सर, घाई त्यांनी नाही केली, मी केली." मग बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर." हे सोफ्यावर टीव्ही बंद करून बसले होते. मी भांडी आवरली.

ती आत आली तेव्हा तोंड उतरलेलं होतं. "बंद केलं. आता ते शेजारी बसणार, परत पहिल्यापासून. आणि उद्या संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. सगळे हसतील, आई."

"हसू देत."

"तुला काय जातंय म्हणायला!"

"खरंय, मला काही जात नाही," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी बसले.

रविवारी सकाळी ती निघाली. ह्यांनी रिक्षापर्यंत तिची सॅक नेली आणि स्वतःच आत ठेवली. तिला जाऊ देणं त्यांना किती जड गेलं ते मला माहीत आहे. त्या संध्याकाळी मुलं हसली म्हणे. मग एकाने हळूच विचारलं, म्हणजे जेटला दहा मैलांना नक्की किती वेळ लागतो? आणि सगळे हिशेबाला लागले.

पुढे बरेच दिवस सर तिच्या शेजारी बसून उडाले. तिच्याबरोबरची दोन मुलं तिच्या पुढे निघून गेली. त्याबद्दल ती फोनवर चिडचिड करायची आणि मी ऐकून घ्यायचे.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तिचा फोन आला.

"आज परत एकटीला सोडलं."

"बरं मग?"

"एक मोठं विमान येत होतं. मी त्याला विचारलं, किती मिनिटांत पोचताय? आणि लांब बाहेर जाऊन घिरट्या घालत राहिले. तो उतरला, वळला, जागेवर जाऊन उभा राहिला, तरी मी बाहेरच. उतरल्यावर सर काय म्हणाले माहितीये? बाई, एवढं लांब थांबायचं होतं तर ठाण्यालाच जायचं होतंस!"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, सॉरी सर. पण पुढच्या वेळीही थांबणार आहे."

"थांबच," मी म्हटलं आणि डबा उघडला.