अम्मी गप्प कधी झाल्या?

पहाटेची नमाज झाली की माझ्या सासूबाई, आमच्या अम्मी, जानमाजच्या चटईवरच बसून तसबीहची माळ फिरवत राहायच्या. तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. कामशेतला आमचं तांदळाचं दुकान आहे आणि मागे घर. भाव काय द्यायचा, सोयरीक कुठे करायची, टेम्पो घ्यायचा की नाही, सगळं अम्मीच ठरवायच्या. त्या गप्प असल्या की मला जरा मोकळं वाटायचं, हे आता सांगायला हरकत नाही.

त्या दिवशी ओळखीचे एक शेतकरी आबा सकाळीच तांदळाचा नमुना घेऊन आले. भाव अम्मीच सांगणार, म्हणून दुकानात बसून राहिले. आतलं दार उघडंच होतं. मी त्यांना चहा दिला, भांडी घासली, तीसुद्धा आवाज न करता. बऱ्याच वेळाने आबांनी मला हळूच हाक मारली.

"सूनबाई, अम्मींच्या हातातनं तसबी पडलीया. मी आलतो तवाबी त्या हलत न्हवत्या."

मी धावत आत गेले. तोंड एका बाजूला ओघळलं होतं, उजवा हात मांडीवर नुसता पडला होता. डोळे मात्र उघडे, माझ्यावर रोखलेले.

लोणावळ्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "शेवटचं नीट कधी बोलल्या?"

नवरा म्हणाला, रात्री जेवताना. मी म्हटलं, पहाटे नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला, पाणी मागितलं. मग वाटलं, ते आदल्या दिवशी असेल. आबांना फोन लावला तर ते रडकुंडीला आलेले. "मला वाटलं देवाचं चाललंय, म्हून मी खाकरलोसुदीक न्हाई."

मेंदूत गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं औषध वेळेत दिलं तर उपयोग, उशीर झाला असेल तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. आणि वेळ तर आम्हा कुणालाच माहीत नव्हती! डॉक्टरांनी आणखी एक स्कॅन केला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. अम्मींच्या डोक्यात थोडा लाल रंग, आजूबाजूला बराच हिरवा.

"लाल भाग गेला. हिरव्याला रक्त कमी पडतंय, पण तो अजून वाचू शकतो. हे एआयनं काढलंय. मीही तपासलं, मला पटतंय. औषध द्यावं असं माझं मत आहे. पण धोका आहेच. तुम्ही सांगा."

मला काही उमजेना. भिंतीपलीकडे असून मला जे कळलं नाही, ते अम्मींना कधी न पाहिलेल्या यंत्राला कळलं? की तेही आपलं अंदाजाने रंगवत होतं? नवऱ्याने सवयीने स्ट्रेचरवर वाकून विचारलं, "अम्मी, काय करू?" मला त्याचा भयंकर राग आला, आणि रडूही.

"द्या," मी म्हणाले. आवाज माझाच होता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

अम्मी वाचल्या. काठी धरून चालतात. उजवा हात अर्धामुर्धा चालतो, शब्द एकेक करून येतात. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं, तर "कुणी... ठरवलं?"

नवऱ्याने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. मी यंत्राचं सांगितलं, रंगांचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, "मी द्या म्हणाले, अम्मी." त्या खूष आहेत की रागावल्यात, मला काही कळेना. आता खरडपट्टी निघणार, असं वाटलं. त्या लेकाकडे वळल्या.

"आता... हिला... विचारत जा."

मी म्हटलं, "नको हो, अम्मी. मला तेव्हा काहीसुद्धा कळत नव्हतं."

त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"मला तरी... कुठं... कळायचं."