अँड फ्रेंड

रविवारी दुपारी दोन ते तीन मी घरात कुणाशी बोलत नाही. लग्नानंतर महिनाभरातच बायकोच्या हे लक्षात आलं. तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, ‘गाणी ऐकतो.’ खरं होतं, पण अर्धंच. ज्या कार्यक्रमाची ती वेळ होती तो बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. आता मी टेपवर एखादा अल्बम लावतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. मधलं एकही गाणं पुढं ढकलत नाही. हा नियम माझा नाही. तो ज्याचा आहे त्याच्याशी मी कसा वागलो, ते मी घरात आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं गाव जिंतूर रस्त्यापासून थोडं आत. ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं मी आणि तो जिंतूरच्या कॉलेजात एकाच बाकावर बसायचो. आमची विहिरीखालची जमीन होती आणि वडिलांना गावात मान होता. त्याचं घर बौद्धवाड्यात. त्याचा थोरला भाऊ हैदराबादला रेल्वेत लागला होता. त्यानं एका सुट्टीत टेपसकट रेडिओ, म्हणजे टू-इन-वन आणला आणि सोबत बाजारात मिळालेल्या तीन इंग्रजी कॅसेटी. त्या कॅसेटींनी आम्हाला वेड लावलं. पहिल्यांदा गिटार वाजली तेव्हा मला विहिरीवरचं इंजिन सुरू झाल्यासारखं वाटलं. तो म्हणाला, ‘इंजिनाला सूर नसतो, येड्या. नीट ऐक.’

दर रविवारी दुपारी, समुद्रापलीकडच्या एका रेडिओ केंद्रावर तासभर अशीच गाणी लागायची. फर्माईशीचा कार्यक्रम होता. निवेदक गाण्याआधी गावांची आणि माणसांची नावं वाचायचा. शॉर्टवेव्हवर आवाज भरती-ओहोटीसारखा येई-जाई. आम्ही तो कार्यक्रम आमच्या आखाड्यावर ऐकायचो. शेतातल्या राहुटीवजा झोपडीला आमच्याकडं आखाडा म्हणतात. तिथं एकच बाज होती आणि आम्ही दोघं तिच्यावर बसायचो. गावात आमच्या ओसरीवर तो माझ्या शेजारी कधी बसला नव्हता. विद्यापीठाच्या नावावरून खेडोपाडी घरं जाळली गेली, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण त्यानंतर कोण कुणासोबत उठतो-बसतो याकडं लोक बारीक नजर ठेवून असत.

रेडिओचा तास संपला की कॅसेट लागायची. मला एक संथ गाणं आवडत नसे. मी बटणाकडं हात नेला की तो हातावर चापट मारायचा. ‘मधलं सोडायचं न्हाई. त्यांनी ज्या क्रमानं लावलंय, त्या क्रमानं ऐकायचं.’ गाण्यांचे शब्द आम्ही ऐकून ऐकून एका वहीत देवनागरीत उतरवायचो. एकेका ओळीला दोन-दोन रविवार लागत. त्याचा कान माझ्यापेक्षा तयार होता. त्याच्या लाडक्या गाण्याची एक ओळ मात्र आम्हाला कधीच लागली नाही. वहीत तिथं जागा सोडली होती.

त्याच गाण्याची फर्माईश पाठवायचं ठरलं. केंद्राचा मुंबईत पत्ता होता. कार्डावरचं इंग्रजी त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं, कारण माझं अक्षर बरं होतं. खाली दोघांची पूर्ण नावं, गाणं त्याचं म्हणून त्याचं नाव आधी. ‘टाकशील ना नक्की?’ तो म्हणाला. मी म्हणालो, ‘उद्याच टाकतो.’

गावचं पोस्ट एका गुरुजींच्या ओसरीवर चालायचं. गुरुजी प्रत्येक कार्ड वाचायचे आणि संध्याकाळी वडील त्यांच्याकडं पान खायला बसायचे. मी कार्ड खिशात घालून त्या ओसरीसमोरून दोनदा गेलो. मग वाटलं, जिंतूरच्या पेटीत टाकावं, तिथं कोण वाचतंय? जिंतूरला आलो. पेटीपाशी उभा राहिलो. इथं मला कुणी ओळखत नव्हतं, गुरुजी नव्हते, वडील नव्हते. तो कार्यक्रम आमच्या गावात आम्हा दोघांशिवाय कुणी ऐकतही नव्हतं. मग मी कुणाला भ्यालो? मी नवं कार्ड घेतलं, एसटी स्टँडच्या बाकावर बसलो आणि तसाच मजकूर लिहिला. खाली फक्त माझं नाव लिहिलं आणि पुढं ‘अँड फ्रेंड’. ते पेटीत टाकलं. जुनं कार्ड वहीत राहिलं.

पुढं महिना-दीड महिना आम्ही दर रविवारी कान लावून बसलो. नाव आलं नाही की मला सुटल्यासारखं व्हायचं. मग पाथरीला एका नात्यातलं लग्न निघालं आणि मी तिकडं गेलो. मी नसताना त्याला आमच्या आखाड्यावर जाता येणार नव्हतं. त्यानं टू-इन-वन घराच्या दारात लावला.

परतल्यावर मी सायकलवर त्याच्याकडं गेलो. त्याची आई दारात ज्वारी पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि हसत आत हाक मारली, ‘ए फ्रेंडा! तुझा दोस्त आलाय बघ!’

मला काहीच कळेना.

‘आवं, काल रेडूवर नाव आलं की!’ ती म्हणाली. ‘तुमचं आलं, अन् मंग याचं आलं. फ्रेंड म्हनाला तो बाबा. ह्यो उड्याच माराय लागला, मीच हाय त्यो, मीच हाय त्यो म्हनून. समदी आळी गोळा झाली बगा. कालपासून लेकरं त्याला फ्रेंडच म्हनायलीत.’

तो बाहेर आला. आम्ही ओढ्यापर्यंत चालत गेलो.

‘कार्डावर काय होतं रे?’ त्यानं विचारलं.

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, ‘दोघांची नावं होती. त्याला तुझं आडनाव वाचता आलं नसंल.’

त्यानं माझ्याकडं बघितलं. ‘असंल,’ तो म्हणाला. ‘आमचं आडनाव लय अवघड हाय.’

पुढच्या रविवारी तो आखाड्यावर आला. बाजेवर न बसता खाली पोत्यावर बसला. मी दोनदा म्हणालो, ‘वर बस की.’ तो म्हणाला, ‘इथंच बरं हाय.’ रेडिओ झाला, मग त्यानं अल्बम लावला आणि दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. त्या संथ गाण्याला मी हात लावला नाही. जाताना त्यानं कॅसेटी पिशवीत घातल्या आणि वही माझ्याकडं ठेवली. त्यानंतर तो आला नाही. कॉलेजात बाक बदलला. भेटला की बोलायचा, हसायचाही, पण गाण्यांचं नाव काढायचा नाही. बौद्धवाड्यातली पोरं त्याला फ्रेंड म्हणायची ते मात्र वर्षभर चाललं. रस्त्यानं जाताना मला ऐकू यायचं.

पुढं मी पेडगावला शिक्षक झालो आणि परभणीतून डबिंग करून घेत त्याच तिन्ही अल्बमच्या कॅसेटी जमवल्या. रविवार मी सोडला नाही. एकट्यानं ऐकताना बाजेची अर्धी जागा मोकळी ठेवायची सवय लागली. शेजारी कुणी बसलं तर मी उठून दुसरीकडं बसायचो.

विद्यापीठाला नाव मिळालं त्या जानेवारीत शाळेत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. एक सहकारी म्हणाले, ‘नावानं काय फरक पडायलाय सर? नाव तर नाव.’ सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी आलो, वही काढली, आणि त्यातलं जुनं कार्ड घेऊन परभणीची गाडी पकडली. तो तिथं एका सरकारी कचेरीत असल्याचं मला ठाऊक होतं.

त्यानं दार उघडलं. केस विरळ झाले होते. मला खुर्ची दिली, स्वतः समोर खुर्ची घेऊन बसला. आतून त्याची बायको पाणी घेऊन आली आणि कोण आलंय म्हणून त्याच्याकडं बघू लागली.

‘हे आमच्या गावाकडचे,’ तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, ‘फ्रेंड.’

ती चहा टाकायला गेली. मी कार्ड पुढं केलं आणि सगळं सांगून टाकलं. गुरुजींची ओसरी, जिंतूरची पेटी, नवं कार्ड, ओढ्यावरची थाप. त्यानं कार्ड खिडकीपाशी नेऊन वाचलं.

‘स्पेलिंग चुकलंय तुझं. तवाच सांगितलं होतं,’ तो म्हणाला.

‘तुला माहीत होतं?’

‘आडनाव वाचता येत न्हाई म्हणून ‘फ्रेंड’ म्हणतंय का कुणी? मी त्याच दिवशी समजलो. आईला समजू दिलं न्हाई, बस. तिला लय भारी वाटलं होतं. मरेपर्यंत सांगायची, माझ्या लेकाचं नाव रेडूवर आलं म्हणून.’

चहा आला. आम्ही बदल्या, लेकरं, शाळा असं काहीबाही बोललो. उठताना मी विचारलं, ‘त्या गाण्यातली ती ओळ लागली का रे कधी?’

‘ऐकलंच न्हाई परत,’ तो म्हणाला. दारापर्यंत आला आणि कार्ड माझ्या हातात परत ठेवलं. ‘हे तुझ्याकडंच राहू दे. पाठवायचं राहिलंय तुझं.’

कार्यक्रम तोवर बंद पडला होता, पत्ताही उरला नव्हता. हे त्यालाही ठाऊक असेल. कार्ड वहीत आहे, त्या गाळलेल्या ओळीच्या पानावर. आता मला इंग्रजी बरं येतं. टेप दोनदा मागं घेतली तर ती ओळ सहज लागेल. मी टेप मागं घेत नाही. गाणं तिथं आलं की पेन खाली ठेवून बसतो, आणि ते पुढं जातं.