वेळ सांगायची नाही
सरकारी रेडिओवर मी सकाळची निवेदिका आहे. हंगामी. कायम करू म्हणणारे साहेब निवृत्त झाले, मी अजून हंगामीच. काम साधं आहे: गाण्यांच्या मध्ये बोलायचं, पाणीकपातीची सूचना वाचायची आणि अधूनमधून किती वाजले ते सांगायचं. गाणं संपत आलं की मान आपोआप स्टुडिओतल्या घड्याळाकडे वळते.

भांडुपला आमच्या भिंतीवर चावीचं घड्याळ आहे, वडील गिरणीत होते तेव्हाचं. ते रोज थोडं पुढे पळतं. मी रेडिओवर वेळ सांगितली की वडील स्टुलावर चढून काटा जागेवर आणतात. या वयात स्टुलावर चढू नका म्हणून मी कितीदा ओरडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. मोबाईलमध्येही वेळ असते म्हटलं तर म्हणाले, "दिसता माका. पण माका ती कोण सांगता?"

हल्ली ऑफिसात रेडिओच्या भविष्यावर बैठका होतात. श्रोत्याला आता यूजर म्हणायचं. काही बंद होणार असं कोणी म्हणत नाही, 'टप्प्याटप्प्याने' म्हणतात. मी पेनाचं टोपण चावत बसते. रागवावं तर कोणावर, तेही कळत नाही, कारण ते बोलतात त्यात खोटं काही नाही. रेडिओचं ॲप आलं तेव्हा आखातातल्या एका ड्रायव्हरचा मेसेज आला, "ताई, इथे वाळवंटात तुमचा आवाज ऐकतो." तो मी बसमध्ये तीनदा वाचला. पण ज्यांच्याकडे मोबाईलच नाही त्यांचं काय, असं बैठकीत विचारलं, तर त्यांचाही विचार सुरू आहे म्हणाले. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

शेजारी टॉवर उभे राहिले तसा आमच्या घरी रेडिओ नुसता खरखरायला लागला. मग मीच वडिलांच्या मोबाईलवर ते ॲप घालून दिलं. आवाज स्वच्छ येत होता आणि वडील खूश होते, त्यामुळे मीही निश्चिंत झाले.

गेल्या आठवड्यात आदेश आला: यापुढे निवेदकांनी वेळ सांगू नये. ॲपवर आमचा आवाज थोडा उशिरा पोहोचतो, कुणाकडे कमी, कुणाकडे जास्त. आम्ही सांगितलेली वेळ ऐकेपर्यंत चुकीची झालेली असते. कारण अगदी बरोबर होतं. तरी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आधी वडिलांना सांगते, ते चार शिव्या घालतील, मला बरं वाटेल.

घरी आले, चप्पल काढता काढता भिंतीकडे नजर गेली. घड्याळ एक मिनिट मागे होतं. आमचं घड्याळ आणि मागे?

"बाबा, हे मागे कसं?"

ते वाटाणे सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "मीच केलंय."

"का?"

"तू रोज वायच उशिरा सांगतंस गो. बाजूचो मोबाईल दाखवन हसता, म्हणता, तुमचा चेडू एक मिनिट मागे. मी म्हटलंय, हंगामी नोकरी, घाई होता, पोचाक उशीर होत असात. आपल्या घरात तरी तू टायमार."

म्हणजे इतके दिवस ते माझी चूक पोटात घालत होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी त्यांना सगळं समजावलं, आवाज कुठून कुठे जातो, वाटेत कसा रेंगाळतो. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मगे तुझी चूक नाय?"

"नाही."

"बरा झाला," असं म्हणून ते उठले आणि शेजाऱ्याला सांगायला गेले. परत आले ते हसतच. उद्या तू वेळ सांगितलीस की काटा एक मिनिट पुढे लावतो म्हणाले, म्हणजे हिशोब चुकायचा नाही. त्यांच्या त्या चेहऱ्यासमोर आदेशाचं काही माझ्या तोंडून निघेना.

दुसऱ्या दिवशी पहिलं गाणं संपत आलं आणि मान घड्याळाकडे वळली. माईक सुरू होता. मी पाणीकपातीची सूचना वाचली आणि पुढचं गाणं लावलं. घरी ते स्टुलावर उभे होते.