शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरांनी अठ्ठावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, आणि त्या अठ्ठावीस वर्षांत स्वतः चालवली असेल ती फार तर पेट्रोल पंपापर्यंत. बाकी सगळा जन्म शेजारच्या सीटवर गेला. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, क्लच दुसऱ्याच्या पायाखाली. स्वतःचा म्हणून फक्त जीव, आणि तो वाचवायला पायाखाली एक जादा ब्रेक. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवी गाडी आली की आधी मेकॅनिक तो ब्रेक बसवायचा, मग सीटवरचं प्लास्टिक निघायचं. हा क्रम कधी चुकला नाही.

शेवटी उजवा गुडघा बोलायला लागला. एक्सरे निघाला, स्कूल पुतण्याकडे गेलं आणि मास्तर घरी बसले. घरी बसलेला नवरा म्हणजे काय, हे त्यांच्या बायकोला आठवड्याभरात कळलं. तिनं भाजीची फोडणी टाकली की मागून आवाज यायचा, "हळू, हळू, घाई काय आहे?" ती दार उघडून बाहेर निघाली की, "आधी दोन्ही बाजू बघ." दहाव्या दिवशी तिनंच त्यांच्या हातात एक पत्रक ठेवलं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावरच्या माडीवर दर रविवारी काही मोठी माणसं प्लास्टिकच्या छोट्या मोटारी जोडत बसतात, असं त्यात लिहिलं होतं.

"जा तिथं," ती म्हणाली. "त्या गाड्यांना कान नसतात."

मंडळ मोठं शिस्तीचं. सात पक्के सभासद आणि एक पाहुणा सभासद. पाहुणे म्हणजे मास्तर. पाहुण्याची खुर्ची दाराजवळ, म्हणजे कुणी आलं-गेलं की उठायचं. रंगाचा फवारा ज्या कपाटात असतो त्याची किल्ली पाहुण्याला मिळत नाही. अध्यक्ष अर्थातच दातांचे डॉक्टर, कारण जागा त्यांची, चहा त्यांचा आणि हत्यारंही त्यांचीच. रुग्णाच्या दाढेत ज्या सुईनं फिरवाफिरव व्हायची, तशाच सुईनं ते मोटारीच्या जाळीतली भोकं कोरायचे. सुया वेगळ्या ठेवतो, असं ते सांगायचे. मास्तरांनी त्या दवाखान्यात दात दाखवणं बंद केलं होतं, ती गोष्ट निराळी.

नियम असा, की पाहुण्यानं तीन वर्षांच्या आत वार्षिक प्रदर्शनात नंबर काढायचा. निघाला तर पक्का सभासद. नाही निघाला तर मंडळ त्याचे मनःपूर्वक आभार मानतं. दोन वर्षं गेली होती. पहिल्या वर्षी मास्तरांनी टायर उलटे बसवले. दुसऱ्या वर्षी ओल्या रंगावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उठला, इतका स्वच्छ की पोलिसांना चालला असता. आता तिसरं वर्ष. माडीवरचे रविवार राहणार की जाणार, ते एका गाडीवर होतं.

ती गाडी म्हणजे सत्तरच्या सुमाराची जपानी स्पोर्ट्स कार, दॅट्सन २४० झेड. दोन दारं, लांबच लांब नाक, मागं उतरतं छप्पर. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची, म्हणजे टूथब्रशच्या डबीएवढी. खरी गाडी मास्तरांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती, सिग्नलला, आणि तेवढ्यात शिकाऊ बाईंनी गाडी बंद पाडली होती. भाग घेतला तो 'डब्यातल्या' वर्गात. डब्यात जेवढं प्लास्टिक येतं तेवढंच, सोबतच्या पुस्तिकेत सांगितलं तसंच जोडायचं, वरून काही घालायचं नाही. खुल्या वर्गात काय वाटेल ते घाला, पण तिथं डॉक्टर स्वतः उतरायचे. गेल्या वर्षीच्या त्यांच्या गाडीत बोनेटखाली दोनशेवर जादा वायरी होत्या. शिवाय परीक्षकांपैकी दोघांचे दात त्यांच्याकडेच होते.

चार महिने घरातलं जेवणाचं टेबल मास्तरांनी बळकावलं. बायको ताट मांडीवर घेऊन जेवली आणि रोज एक टोमणा मारून त्याचं भाडं वसूल करत राहिली. पण मास्तर या खेपेला खरोखर जपून होते. पिवळ्या रंगाचे पाच पातळ हात दिले, दर दोन हातांमध्ये ओला पॉलिश पेपर फिरवला. झटपट गोंदाची वाफ काचेला लागली तर काच पांढरी पडते, म्हणून काचा साध्या गोंदानं बसवल्या. बाहेरचा एक आरसा, तांदळाच्या दाण्याएवढा, चिमट्यातून उडाला तेव्हा तीन दिवस घरात झाडू लावायची बंदी आली.

"अहो, खऱ्या गाडीचा आरसा हरवला असता तर एवढे रडला नसता," बायको म्हणाली.

"खऱ्या गाडीचा बाजारात मिळतो. तू आधी पाय उचल."

आरसा तिच्याच चपलेखाली मिळाला. शाबूत. मास्तरांनी ते शुभलक्षण मानलं, आणि बॉडी खालच्या तळावर बसवून कायमची चिकटवली.

प्रदर्शन दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत होतं. लांब टेबलांवर हिरवं कापड आणि त्यावर चाळीसेक गाड्या. मास्तरांच्या पिवळ्या गाडीपाशी परीक्षक थांबले, एकमेकांकडे बघून हुंकारले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मंडळातले घड्याळवाले, जे वर्षाला साधारण चार वाक्यं बोलायचे, त्यांनी त्यातलं एक तिथं खर्च केलं. "मास्तर, यंदा पहिला."

मास्तरांच्या पोटात लाडक्या जावयासारखं सुख येऊन बसलं. तेवढ्यात अध्यक्ष आले. डब्यातल्या वर्गाची तपासणी त्यांच्याकडे. त्यांनी खिशातून दात बघायचा बारका गोल आरसा काढला, गाडीच्या दाराच्या उघड्या, बिनकाचेच्या खिडकीतून आत घातला, बॅटरी मारली आणि रुग्णाला म्हणतात त्याच सुरात म्हणाले, "हं. इथं काहीतरी आहे."

"काय आहे?"

"ड्रायव्हरच्या पायाशी तीन पेडल. बरोबर. पण शेजारच्या सीटपुढे हे चौथं काय?"

मास्तरांनी वाकून आरशात पाहिलं. शेजारच्या सीटपुढे, अगदी उजव्या पायाच्या जागी, एक इवलासा ब्रेक होता. कापून, घासून, काळा रंगवून, सरळ रेषेत बसवलेला. पुस्तिकेत त्याचा पत्ता नव्हता. तो त्यांनी कधी केला, हे मास्तरांनाही आठवेना. गाडी आली, ब्रेक बसवला. हातांनी डोक्याला विचारलंच नव्हतं.

आजूबाजूला हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, "पाटी पण लावायची होती, शिकाऊ म्हणून."

"प्लास्टिक डब्यातलंच आहे," मास्तर घाईनं म्हणाले. "बाहेरचं काही नाही. भाग ज्या सांगाड्याला लटकून येतात ना, त्याचाच उरलेला तुकडा असणार."

"पण पुस्तिकेत नाही."

"पुस्तिका काय, छापणाऱ्यानं छापली."

"मास्तर, नियम म्हणजे नियम." डॉक्टर मात्र दिलदार माणूस. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, मी काढून देतो. खिडकीतून चिमटा घालतो, दोन मिनिटांचं काम. भूलसुद्धा लागणार नाही. तुमचा पहिला नंबर, रविवारपासून किल्ली तुमच्याकडे. नाहीतर मला ही खुल्या वर्गात टाकावी लागेल, आणि तिथं ही टिकायची नाही."

यावर कुठलाही शहाणा माणूस 'काढा' म्हणाला असता. मास्तरही म्हणाले, "काढा." डॉक्टरांनी चिमटा घातला. आणि मग, खरं तर गरज नसताना, ते हसत म्हणाले, "काय पण सवय एकेकाची! या निरुपयोगी गोष्टीपायी बक्षीस घालवत होतात. बसल्या जागी ब्रेक दाबून कुणाचं काय भलं होतंय?"

"थांबा," मास्तर म्हणाले.

"आता काय?"

"चिमटा बाहेर घ्या. डॉक्टर, सतरा वर्षांपूर्वी, तिसरा धडा. मुलींच्या शाळेचं फाटक. तुम्ही ब्रेक समजून काय दाबलं होतं?"

डॉक्टरांचे कान लाल झाले.

"डोळे मिटून दाबलं होतं," मास्तरांनी हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं. "तोंडानं आईला हाका चालू. पोरी सुटायची वेळ. गाडी फाटकापासून हातभर अलीकडे थांबली, ती याच निरुपयोगी गोष्टीमुळे. तेव्हा माझा हात धरून तुम्ही म्हणाला होतात, मास्तर, कुणाला सांगू नका. सतरा वर्षं नाही सांगितलं."

घड्याळवाल्यांना इतका ठसका लागला की पुढच्या वर्षीचीही वाक्यं त्यात गेली असावीत. डॉक्टरांनी आरसा खिशात ठेवला, गाडी उचलली आणि स्वतःच्या हातानं खुल्या वर्गाच्या टेबलावर नेऊन ठेवली. तिथं ती धरून एकूण पाच गाड्या होत्या. मास्तरांचा नंबर पाचवा आला. शेऱ्यात लिहिलं होतं, 'रंगकाम उत्तम, एक पेडल अनावश्यक'. आभाराचं पत्र तिथंच हातात मिळालं. ते आधीच छापून तयार होतं, फक्त तारीख भरायची होती.

न्यायला बायको आली. ती गाडी छान चालवते. शिकली दुसऱ्या स्कूलमध्ये, संसार टिकावा म्हणून. मास्तर डबा मांडीवर घेऊन शेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं.

"काढू द्यायचा होता की!" ती म्हणाली. "चार महिने मी मांडीवर जेवले ते काय पाचव्या नंबरासाठी?"

"तो निरुपयोगी म्हणाला."

"मग? म्हणू दे. मी तुम्हाला रोज म्हणते."

वळण आलं तसे मास्तर म्हणाले, "आता रविवार मोकळेच आहेत. तुझं गिअर बदलणं जरा सुधारून घेऊ. आता बघ, तिसऱ्यात उशिरा..."

गाडी कडेला थांबली. अगदी मऊ थांबली, नाव ठेवायला जागा नव्हती.

"उतरा."

"अगं, गुडघा..."

"उतरा म्हटलं ना. आणि मागं बसा."

मास्तर उतरले, मागचं दार उघडून बसले, डबा मांडीवर. गाडी निघाली. मागून तिचे खांदे तेवढे दिसत होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"टेबल रविवारी तीन ते सहा तुमचं," समोरून आवाज आला. "त्या घड्याळवाल्यांना बोलवा. ते बोलत नाहीत, मला चालतील."

"तीन ते सात?"

"तीन ते पाच."

"बरं बरं, सहा."

"आणि रंगाचा वास आला की घराबाहेर."

"वास कसा काढणार घराबाहेर?"

"वास नाही हो. तुम्ही."