चपला काढून

दर सोमवारी तो म्हातारा खाडीकाठच्या कोळीवाड्यातून आमच्या बुवापाड्याला यायचा. खाडीतले मासे का मरतात, याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी वालधुनी नदीचं पाणी बाटलीत भरून न्यायचा. आम्ही जिथून नाकाला रुमाल लावून सटकतो, तिथे हा काठावर चपला काढायचा, पाण्याला हात जोडायचा आणि मगच उतरायचा.

एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, नाला आहे तो. काचा लागतील, चपला घाला."

बाटलीचं झाकण घट्ट करत तो म्हणाला, "तुमचा नाला असंल, पोरा. खाली हीच आमची खाडी होते. खाडीत आम्ही चपला घालून पाय टाकत नाय."

चपला हातात घेऊन तो गेला. काठावरच्या फरशीवर त्याची ओली पावलं उमटली होती. उन्हात ती वाळली, पण काळीच राहिली.